चिमूटभर साखरेएवढा जिना

"टोक घट्ट धर. आणि वाकू नकोस, नुसती बसून राहा," दामोदरराव खालून म्हणाले.

क्षमाबाई जिन्याच्या वरच्या उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी टेपचं टोक दोन बोटांत धरलं आणि बाकीची टेप कठड्याच्या बाहेरून खाली सोडली. दामोदरराव फरशीवर गुडघा टेकून बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि आकडा वाचला.

"पायऱ्या मोजा की," क्षमाबाई म्हणाल्या. "मला चढायच्या आहेत त्या पायऱ्याच."

"पायऱ्यांचा काही संबंध नाही. सरळ चढ, वळून चढ, दहा वेळा थांबून चढ. उभी उंची तेवढी खरी."

"सरी," क्षमाबाई म्हणाल्या. 'बरं' त्या कानडीतच म्हणत. "मग ती किती?"

"तीन मीटर साठ."

दामोदररावांनी शर्टाच्या खिशातून पेन काढून तळहातावरच गुणाकार मांडला. बसवनगुडीतल्या एका पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, ते तीस वर्षं फिजिक्स शिकवत होते आणि पुढच्या जूनमध्ये निवृत्त होणार होते. खडू आणि पेन यांच्याशिवाय त्यांना विचार करता येत नसे. क्षमाबाईंचं वजन डॉक्टरांच्या काट्यावर पंचावन्न किलो भरलं होतं. त्याला गुरुत्वाकर्षणानं गुणलं, उंचीनं गुणलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"एकोणीसशे चाळीस ज्यूल. फक्त. शरीर चौपट उधळपट्टी करतं असं धरलं तरी अर्धा ग्रॅम साखर पुरते. एक चिमूट. एवढंच काम आहे बघ या जिन्याचं."

"मग चिमूटभर साखर द्या," क्षमाबाई म्हणाल्या, "आणि स्वल्प पाणी द्या."

त्या हसल्या, पण हसताना मध्येच त्यांना श्वास घ्यावा लागला. दामोदररावांनी ते पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं करण्यात ते पूर्वीपासून पटाईत होते.

झालं होतं असं, की क्षमाबाईंच्या हृदयाची एक झडप लहानपणच्या तापानं कधीची बिघडलेली होती आणि आता ती हट्टालाच पेटली होती. जयनगरच्या डॉक्टरांनी कागदावर गोळ्या लिहून दिल्या आणि मान वर न करता सांगितलं, "जिना बंद. तळमजल्यावर राहायला जा." दामोदररावांनी विचारलं, "क्वचित, अगदी हळूहळू चढली तर?" बाहेर पेशंटांची रांग होती. "अगदीच इलाज नसेल तर," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी घंटी वाजवली. त्यातलं 'अगदीच इलाज नसेल तर' दामोदररावांनी तेवढं उचललं आणि घरी आणलं.

आता तुम्ही म्हणाल, इलाज का नव्हता? होता. तो जिन्याच्या पायथ्याशीच होता. तळमजल्यावर दामोदररावांचे सख्खे थोरले भाऊ, पुरुषोत्तमअण्णा, राहत होते. समोर दोन खोल्या, मागं दोन, अंगणात तुळस आणि लिंबाचं झाड. वडील गेल्यावर दोघा भावांनी घर वाटून घेतलं तेव्हा अण्णा म्हणाले होते, "दामू, तू खाली घे. क्षमाला दम लागतो." त्यावर दामूनं गच्ची मागून घेतली होती. त्याला रात्री कॉलेजच्या पोरांना दुर्बिणीतून शनीची कडी दाखवायची होती. "जिन्याचं मी बघून घेईन," असं चार माणसांत सांगून तो वर चढला होता. तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर या कानडी गावात आलेलं घराणं. तलवारी केव्हाच गंजून गेल्या, पीळ तेवढा शिल्लक राहिला.

तरीही वर-खाली ये-जा होती, आमटीच्या वाट्या होत्या, गणपती एकत्र होता. सहा वर्षांपूर्वी ते सगळं थांबलं. अण्णांचा मुलगा श्रीवत्स दामोदररावांच्याच कॉलेजात होता आणि वार्षिक प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेला त्यांच्यासमोर बसला. शेजारी बाहेरून आलेले परीक्षक. दामोदररावांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. डोक्यावर ट्रंक घेतलेला हमाल सपाट फलाटावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो, तर गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध तो किती कार्य करतो? बल उभं, चाल आडवी, दोघांत काटकोन, म्हणून उत्तर शून्य. घरी याच जिन्यावर बसवून त्यांनी ते पोराला दोनदा शिकवलं होतं. पोरगा घाबरला होता. त्यानं बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "तुंबा, सर." म्हणजे फार.

बाहेरचे परीक्षक हसले आणि म्हणाले, "तुमच्याच घरचा मुलगा ना, देऊन टाकू मार्क." दामोदरराव म्हणाले, "माझा आहे म्हणूनच नको." त्या मार्कांनी श्रीवत्सची इंजिनिअरिंगची सीट थोडक्यात हुकली. त्यानं गांधी बाजारच्या कोपऱ्यावर एसटीडी बूथ टाकला, तो बऱ्यापैकी चालतो, आणि काका दिसले की तो आजही नमस्कार करतो. पण अण्णांनी त्या दिवशी खालचं दार लावून घेतलं. दामोदररावांनीही ते कधी वाजवलं नाही. चूक आपली नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर चूक नव्हतीही. तेच तर अवघड होतं. चुकलेल्या माणसाला माफी मागून मोकळं होता येतं, बरोबर असलेल्यानं काय करावं?

म्हणून त्यांनी जिना मोजला. भावाच्या दारावर टकटक करण्यापेक्षा त्यांना पंचावन्न गुणिले नऊ पूर्णांक आठ करणं सोपं वाटलं.

त्यांनी एक लाकडी स्टूल आणून मधल्या वळणावर ठेवलं. वर्गात सांगावं तसं बायकोला समजावलं, "भरभर चढलीस काय आणि अर्ध्या तासात चढलीस काय, काम तेवढंच. वेळ त्या सूत्रात कुठं येतच नाही. तेव्हा घाई करायची नाही. निम्म्यावर बसायचं, आणि मग उरलेलं." क्षमाबाई 'सरी' म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याशी कधी वाद घातला नाही असं नाही, पण फिजिक्सवर घातला नव्हता.

प्रत्यक्षात त्या खाली उतरायच्याच बंद झाल्या. भाजी दामोदरराव आणू लागले. तुळशीला पाणी अण्णांच्या पत्नी, वीणावैनी, घालत होत्या. दुपारी कॉलेजातून आले की दामोदररावांना मधलं स्टूल जरा भिंतीकडे सरकलेलं दिसायचं, ते त्याला पुन्हा नीट मध्ये ठेवायचे. कशानं सरकतं, याचा विचार त्यांनी केला नाही. वस्तू आपोआप हलत नाही, हे ज्या माणसानं तीस वर्षं शिकवलं त्याला हा प्रश्न पडू नये, याला काय म्हणावं?

कार्तिक महिना आला. शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरते, कडलेकाई परिशे. नंदीच्या देवळापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागतात. शेतकरी पहिलं पीक नंदीला दाखवून मगच विकतात. क्षमाबाई लग्न होऊन या घरात आल्या त्या वर्षापासून त्यांची एकही जत्रा चुकली नव्हती. ओल्या शेंगा आणायच्या, मीठ घालून उकडायच्या, पहिली वाटी देवापुढं आणि, खालचं दार लागेपर्यंत, दुसरी खाली अक्कांकडे. वैनींना त्या अक्का म्हणत.

"यंदा जायचं का हो?" त्यांनी रविवारी विचारलं. मग लगेच म्हणाल्या, "नको म्हणालात तर नको."

हे दुसरं वाक्य त्यांनी उच्चारलं नसतं तर दामोदरराव कदाचित नको म्हणाले असते. पण बायकोनं आधीच माघार घेतलेली त्यांना सोसेना. त्यांनी आखणी केली. उतरताना त्रास नाही. ऑटो दारात. नंदीला खालूनच नमस्कार, शेंगा घ्यायच्या, ऑटोनं परत. मग जिना, निम्मा निम्मा. एक चिमूट साखर.

सगळं आखल्यासारखं झालं. क्षमाबाईंनी मोरपंखी साडी नेसली होती. त्यांनी एका म्हाताऱ्या शेतकरणीशी भावाची घासाघीस केली, दोन शेंगा फोडून चाखल्या, एक नवऱ्याच्या तोंडात घातली. भर रस्त्यात. दामोदरराव संकोचले, पण त्यांनी ती खाल्ली. कोवळी होती, दुधासारखी. परतताना ऑटोत क्षमाबाई कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि रस्त्यावरची गर्दी अशी बघत होत्या जणू गावाहून आलेल्या पाहुण्याच.

ऑटो दारात थांबला. दामोदररावांनी फाटक उघडलं, तसं खालचं दारही उघडलं. वीणावैनी दारात उभ्या होत्या.

"भावजी," त्या म्हणाल्या. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्या नवऱ्यादेखत त्यांच्याशी बोलल्या. "क्षमाला आज इथंच राहू दे. चेहरा बघा तिचा. आत खोली आहे, खाट आहे."

वैनींच्या मागं, दिवाणखान्यात, अण्णा आरामखुर्चीत बसून पेपर वाचत होते. पेपर त्यांच्या तोंडापुढं होता. पान उलटलं नाही, पेपर खाली आला नाही. त्यांनी नुसता एक शब्द काढला असता, 'दामू' एवढा, तरी चाललं असतं. दामोदरराव त्या पेपराकडे बघत राहिले. मग ते वैनींना म्हणाले, "नको वैनी. हिशोब केलाय मी. हळूहळू जाईल ती."

क्षमाबाईंनी आधी अक्कांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. भावाच्या उंबऱ्यापुढं नवऱ्याला खाली पाहायला लावणं त्यांच्या जिवावर आलं. खरा जीव कुणाचा चालला होता ते देव जाणे. त्यांनी पदर खोचला, शेंगांची पिशवी दामोदररावांना देऊ केली नाही, स्वतःच धरली, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"घाई नको," दामोदरराव मागून म्हणाले. "वेळ लागला तरी चालेल."

मधल्या वळणापर्यंत त्या पोचल्या. स्टुलावर बसल्या. दामोदरराव एक पायरी खाली उभे होते. "निम्मं झालं," ते म्हणाले. क्षमाबाईंनी मान हलवली. त्या बसल्या होत्या, हालचाल नव्हती, सूत्राप्रमाणे आता काहीच काम होत नव्हतं. पण त्यांचे खांदे वर-खाली होत होते आणि दम काही केल्या मागं हटत नव्हता. ओठ जांभळे झाले. कपाळावर घाम आला. बसूनही माणूस चढतच राहतो, हे दामोदररावांना समोर दिसत होतं आणि त्यांच्याजवळ त्याचं गणित नव्हतं.

"क्षमा," ते म्हणाले. "क्षमा, बघ माझ्याकडे."

क्षमाबाईंच्या हातातली पिशवी सुटली. शेंगा जिन्यावर सांडल्या आणि टपटपत, एकेका पायरीवर आपटत, खाली गेल्या. पार अण्णांच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या.

अण्णा बाहेर आले ते अनवाणी. सहासष्ट वर्षांचा, गुडघे गेलेला माणूस शेंगांवरून पाय घसरवत कठड्याला धरून वर आला. त्यानं भावाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तू खांद्याला धर. मी पाय धरतो. वर नाही, खाली न्यायचं. सावकाश."

दोघा म्हाताऱ्यांनी त्यांना उचललं. पंचावन्न किलो हा आकडा दामोदररावांनी तळहातावर लिहिला होता, उंचीनं गुणला होता, साखरेत बसवला होता. हातात तो आज पहिल्यांदा आला. त्यांना रडू येत होतं, आणि अण्णा मागं बघत बघत एकेक पायरी उतरत होते.

वैनींनी पुढच्या खोलीचं दार सताड उघडलं. ही खोली पूर्वी अण्णांची बैठक होती. आता तिथं कपाट नव्हतं, दिवाण नव्हता. रस्त्याच्या खिडकीशी एक खाट, तिच्यावर धुतलेली चादर, उशाला तांब्या. कोपऱ्यात देवीची छोटी तसबीर. कुणी येणार म्हणून मांडून ठेवलेली खोली कशी असते, तशी. दामोदररावांनी हे पाहिलं, पण त्या वेळी त्याचा अर्थ लावायला त्यांना सवड नव्हती. निरोप मिळताच श्रीवत्स बूथमधून डॉक्टरांना फोन लावून धावत आला होता.

क्षमाबाई त्या वेळी वाचल्या. डॉक्टरांनी दामोदररावांना बाजूला घेऊन सांगितलं, की आता किती दिवस ते सांगता येणार नाही. त्या खिडकीशी पडून राहत. रस्त्यावरून फुलवाली गेली की हाक मारत, शेजारच्या सुनेची विचारपूस करत, अक्कांच्या हातची पेज पीत. महिनोन्महिने वर कोंडलेली बाई रस्ता दिसू लागल्यावर जराशी फुललीच. दामोदरराव कॉलेजातून थेट तिथं येत आणि खाटेशेजारी पाहुण्यासारखे बसत. अण्णा त्या वेळी मागच्या अंगणात जाऊन बसत. दोघांत बोलणं होतं ते औषधांपुरतं.

एका संध्याकाळी क्षमाबाई म्हणाल्या, "ही खोली दिवाळीपासून रिकामी आहे. माहीत आहे तुम्हाला?"

"कशासाठी?"

"माझ्यासाठी. अण्णांनीच सामान हलवलं. दुपारी अक्का येऊन बसायच्या ना जिन्यात, तुमच्या त्या स्टुलावर. त्यांनी सांगितलं. अण्णा म्हणाले होते, दामूनं एकदा खाली येऊन नुसतं अण्णा म्हणावं. बाकी काही मागायला नको."

स्टूल का सरकत होतं ते त्यांना आता कळलं.

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला उचलून आणून ठेवलं असतंत, आणि स्वतः वरच राहिला असतात," क्षमाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही आपणहून उतराल. मी वाट बघत होते."

त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर दामोदररावांना ती सोसली असती. त्यांनी बायकोचा हात हातात घेतला. त्या हाताला अजून शेंगांच्या मातीचा वास येतोय असं त्यांना उगाच वाटलं.

संक्रांतीनंतर, रथसप्तमीच्या आत, क्षमाबाई गेल्या. सकाळी वैनी पेज घेऊन आल्या तेव्हा त्या खिडकीकडे तोंड करून शांत झोपल्यासारख्या होत्या. त्या खोलीतून रस्त्यावर यायला एकच पायरी होती, त्यामुळे त्यांना नेताना कुणालाही त्रास पडला नाही.

दिवस झाल्यावर माणसं पांगली. वैनींनी "भावजी, खालीच राहा आता" असं दोनदा सांगितलं. दामोदरराव तरी वरच गेले. कॉलेज त्यांनी सुरू केलं, पण उजळणीच्या तासाला हमालाचं उदाहरण वगळून ते पुढच्या प्रकरणावर गेले. मुलांनीही विचारलं नाही. घरी येऊन ते गच्चीच्या दाराशी बसत. स्वयंपाकघरात साखरेचा डबा होता, तो त्यांनी फडताळात मागं सरकवून ठेवला.

एका संध्याकाळी ते असेच बसले असताना जिन्यावर पावलं वाजली. एक पाऊल, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं. कठड्यावर हात सरकल्याचा आवाज. दामोदररावांनी उठून खाली वाकून पाहिलं.

अण्णा वर येत होते. अण्णांच्या गुडघ्यांना जिना वर्ज्य होता. खालचं दार लावून घेतल्यापासून आजवर ते या जिन्यानं फक्त एकदाच निम्म्यापर्यंत चढले होते, शेंगा सांडल्या त्या दिवशी. आताही ते निम्म्यावर पोचले आणि त्यांचं पुढं काही चालेना. वळणावर ते स्टूल तसंच होतं. कुणी हलवलं नव्हतं. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, जरा घुटमळले, आणि मग भिंतीला हात टेकून त्यावर बसले. त्यांचा श्वास वरपर्यंत ऐकू येत होता.

"जेवायला चल म्हणून सांगायला येत होतो," ते वर न बघता म्हणाले. "वैनीनं हाक मारली असती. म्हटलं आपणच जावं."

दामोदरराव उतरायला लागले. वळणाच्या वरच्या पायरीवर येऊन ते थांबले, आणि तिथंच, भावाच्या स्टुलाशेजारी, पायरीवर बसले. जिन्यात अंधार होत आला होता. कोपऱ्यात, झाडूच्या हाती न लागलेली एक शेंग पडली होती. दामोदररावांनी ती उचलली आणि तळहातावर धरून बसले.

"अण्णा," ते म्हणाले.

अण्णांनी नुसती मान हलवली. दम अजून बसला नव्हता. छातीवर हात ठेवून ते खालच्या पायऱ्यांकडे आणि मग वरच्या पायऱ्यांकडे बघत राहिले.

"केवढा रे हा जिना, दामू."

दामोदररावांनी तळहातावरची शेंग मुठीत मिटली.

"तुंबा, अण्णा," ते म्हणाले. "तुंबा."